मम्मी, तूच काढून दे

वाचकाचं पत्र, थोडक्यात : कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या एका आईनं लिहिलंय. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. त्या स्वतः पतसंस्थेत नोकरीला. नवरा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डिंगला. दर आठवड्याला पाळी बदलते आणि रविवारी त्याला फक्त झोपायचं असतं. सासूबाई सोबत राहतात, मूळच्या राधानगरी तालुक्यातल्या. सुट्टी तोंडावर आलीय. गेल्या सुट्टीत 'मोबाइल बंद' असं ठरवून त्यांनी फ्रिजवर रोजच्या उपक्रमांचा तक्ता लावला होता, तो आठवड्यात बारगळला. ऑनलाइन मागवलेल्या क्राफ्टच्या किटमध्ये धाकटा दहा मिनिटांत कंटाळतो आणि थोरलीचं काम शेवटी आईलाच पुरं करावं लागतं. सासूबाई म्हणतात, 'घराचा नुसता उकिरडा करून ठेवलाय.' रविवारची संध्याकाळ मॉलच्या गेम झोनमध्ये जाते. पैसे जातात आणि परतताना रडारड होते. इतर आयांचे स्टेटस बघितले की आपण कमी पडतोय असं वाटतं. 'माझ्या हातात मुळात कलाच नाही. वयानुसार काय काय करून घ्यायचं याची यादी द्याल का? आणि उन्हाळी शिबिराला घालू का?' असं त्या विचारतात. जाता जाता एक ओळ लिहिलीय : 'थोरली हल्ली काही काढायला बसली की म्हणते, मम्मी, तूच काढून दे, माझं घाण होतं.'

ताई,

यादी मी देणार नाही, हे आधीच सांगून टाकते. याद्यांची तुमच्याकडं वानवा नाही. फ्रिजवरचा तक्ता हीसुद्धा यादीच होती, आणि तुम्ही पाठवलेला फोटो बघता चांगली होती. ती आठवड्यात बारगळली म्हणून तुम्ही स्वतःला दोष दिलाय. पण पतसंस्थेतून साडेसहाला घरी येऊन, भाकरीचा तवा ठेवायच्या आधी ठशांसाठी भेंड्या चिरायला बसणाऱ्या बाईला आळशी म्हणायची माझी तरी छाती नाही. तक्ता बारगळला, कारण तो सगळा तुमचा होता. विषय तुम्ही ठरवला, वेळ तुम्ही ठरवली, सामान तुम्ही आणलं, शेवटी काय तयार व्हायचं हेही ठरलेलं. मुलांनी फक्त हजर राहायचं होतं. चार वर्षांचं पोर अशा ठिकाणी दहा मिनिटं बसलं, हेच पुष्कळ झालं.

खरं पत्र तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय. तिथंच जरा बसू.

चार वर्षांचं मूल माणूस काढतं तेव्हा एक मोठा गोळा काढतं, त्याला डोळे काढतं आणि गोळ्यालाच खाली दोन पाय फुटतात. पोट नाही, मान नाही. आणि ते मूल त्यावर बेहद्द खूश असतं. सहा-सात वर्षांच्या सुमाराला नजर बदलते. आपण काढलेली गाडी आणि दारातली गाडी यांतला फरक दिसायला लागतो. हात तिथवर पोचलेला नसतो, नजर मात्र पोचलेली असते. म्हणजे थोरलीला 'जमत नाही' असं वाटणं ही तिच्या वाढीचीच खूण आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण 'घाण' हा शब्द तिचा तिनं शोधला असेल असं मला वाटत नाही. तो कुणीतरी दिला असेल. शाळेतल्या बाईंनी, क्लासच्या सरांनी, शेजारच्या मोठ्या पोरीनं किंवा कुणी न बोलता किटच्या खोक्यावरच्या फोटोनं. क्राफ्टचं किट ही मोठी लबाड वस्तू आहे. खोक्यावर तयार घुबडाचं चित्र असतं, आत कापलेले तुकडे असतात आणि बरोबर उत्तर एकच असतं : तेच घुबड. तुमच्या मुलीचा एक डोळा वर चिकटला की तिला कळतं, चुकलं. मग तुम्ही हळूच तो डोळा काढून नीट लावता, कारण स्टेटसला टाकायचंय. तुमचा हेतू वाईट नसतो, पण तिला निकाल कळलेला असतो.

तेव्हा ती पुन्हा 'तूच काढून दे' म्हणेल तेव्हा एक करा. तिच्या कागदाला हात लावू नका. आपला वेगळा कागद घ्या आणि तिच्या शेजारी बसून आपलं काहीतरी काढा. तुमच्या हातात कला नाही म्हणता ना? इथं तो फायदाच आहे. आईची म्हैस कुत्र्यासारखी झालीय, तरी आई कागद न फाडता शेपटी काढायला लागलीय, हे बघणं तिला सध्या कुठल्याही क्लासपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. फक्त 'बघ, माझं किती घाण आलं' एवढं म्हणू नका, नाहीतर मुसळ केरात.

ती स्कूटर काढत असेल आणि अडली असेल, तर खाली पार्किंगमध्ये घेऊन जा. गाडीसमोर दोघी उकिडव्या बसा. पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं आहे का? आरसा दांड्याला कुठं जोडलाय? मडगार्ड चाकाला चिकटलेलं असतं की मध्ये फट असते? सात वर्षांच्या मुलीला फट सापडली की तिचा चेहरा बघा. मग वर येऊन तिनं काढलेल्या स्कूटरला हँडल नसलं तरी चालेल, मडगार्डखालची फट नक्की असणार. त्यावर 'वा, छान!' असं म्हणायची घाई नको. 'तू फट काढलीस की' एवढं म्हटलं तरी तिला कळतं की आईनं खरंच बघितलंय. 'वा, छान' हे आपण न बघताही म्हणतो, आणि पोरांना ते बरोबर समजतं.

आणि फोटो. महिनाभर तिचं एकही चित्र स्टेटसला टाकू नका. तिला सांगायचीही गरज नाही. तुमच्या हाताला थोडी खाज सुटेल, सुटू दे.

आता घरातल्या दोन माणसांबद्दल, ज्यांना तुम्ही पत्रात अडचणींच्या बाजूला लिहिलंय.

तुमचे मिस्टर आठवडाभर वाळूत साचे बनवतात. या घरात खरं कारागिरीचं काम करणारा माणूस तोच आहे, आणि मुलांच्या उपक्रमांच्या तक्त्यात त्याच्या नावाची एक ओळ नव्हती. रविवारी त्याला मुलांचं मन रमवायला सांगू नका, तो दमलेला आहे आणि त्याचं बरोबर आहे. त्याला एवढंच विचारा : 'तुम्ही तिथं काय करता ते पोरांना गच्चीवर दाखवाल का?' अर्धा तास. सकाळी, ऊन चढायच्या आत.

घमेलंभर बारीक वाळू चाळून घ्यायची. पाणी शिंपडून इतकीच ओलसर करायची की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये. पसरट पत्र्याच्या डब्यात ती ठोकून बसवायची आणि वरून एखादी वस्तू दाबायची : डावाचं डोकं, करंजीचा साचा, प्लास्टिकचा हत्ती. मग वस्तू सरळ वर उचलायची. डाव सुटून येईल. हत्ती मात्र निघताना सोंडेजवळची वाळू घेऊन येईल आणि साचा मोडेल. इथं बापानं बोलायचं. पॅटर्नला, म्हणजे वाळूत दाबायच्या वस्तूला, कडेनं थोडा उतार का ठेवावा लागतो, पोटात शिरलेला भाग असला की साचा दोन भागांत का करावा लागतो, हे तो रोज करतो, पण मुलांना कधी सांगितलं नसेल. मग जुन्या मेणबत्त्यांचे तुकडे एका डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवायचे. ओतायचं काम फक्त पप्पांचं, मुलं दोन हात लांब. मेण थिजताना मधोमध खळगा पडेल. थोरली विचारेल, 'पप्पा, हे खाली का गेलं?' धातू गार होताना आकसतो, म्हणून कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या वस्तूला, वरून जादा माल पुरवायची सोय ठेवावी लागते, हे समजवायला याहून चांगली संधी मिळणार नाही. वरून आणखी थोडं मेण ओता. पूर्ण गार झाल्यावरच वाळू उकरा. धाकट्याला उकरायचं काम द्या, त्याला सगळ्यात जास्त मजा त्यातच येणार आहे.

हे जमलं तर पुढच्या एखाद्या रविवारी सीपीआर रुग्णालयासमोर टाउन हॉलच्या म्युझियममध्ये जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या सुमाराला उत्खनन झालं, तिथल्या वस्तू या म्युझियममध्ये आहेत. ब्रह्मपुरीलाच पोसायडन या समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्तीही सापडली. रोमन व्यापाराच्या काळात ती इतक्या लांबून पंचगंगेकाठी आली. सगळं म्युझियम दाखवत फिरू नका. ती एक मूर्ती शोधा आणि पोरं पप्पांना विचारू देत, 'हीपण ओतलेली का?' उत्तर झालं की बाहेर या आणि भेळ खा. लहान मुलांना म्युझियम पुरेपूर दाखवायचा अट्टाहास हा मोठ्यांचा छळवाद आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं माणूस म्हणजे सासूबाई. 'उकिरडा' या शब्दाचा तुम्हाला राग आलाय, पण त्यांची बाजू घेऊन बघा. तुम्ही नोकरीला गेल्यावर पसारा कोण आवरतं? त्यांच्या तक्रारीला उत्तर म्हणून फक्त जागा ठरवा. एक जुना फ्लेक्स मिळवा. आपल्या गावात फ्लेक्सची काय कमी? कुणाचा ना कुणाचा वाढदिवस झालेलाच असतो. तो उलटा अंथरायचा. चिखल, रंग, गोंद सगळं फ्लेक्सवर, त्याबाहेर काही नाही. झालं की मुलांनीच तो मोरीत धुवायचा. चार वर्षांच्या मुलाला हे धुणं म्हणजे शिक्षा वाटत नाही, बक्षीस वाटतं.

मैद्यात मीठ घालून खेळायची कणीक करा, असा सल्ला तुम्ही जागोजागी वाचला असेल. तुमच्या घरात नका करू. अन्नाशी खेळायचं नाही, असं ज्या बाईनं आयुष्यभर पाळलं, तिच्यासमोर किलोभर मैदा चेंडू करून फेकला तर भांडण होणार आणि ते भांडण तुम्ही हराल. माती वापरा.

आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडं काय काय असतं ते आठवा. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. त्या वासाला थोरली नाक मुरडेल आणि चीक शिजल्यावर वाटी घेऊन पहिली हजर होईल. सोऱ्यातून कुरडई पडताना गोल फिरवणं तिला लगेच जमणार नाही. वेडीवाकडी पडेल, पण वाळल्यावर तळली की तीही फुलते. 'घाण होतं' म्हणणाऱ्या मुलीनं हे एकदा खाऊन बघायला हवं. धाकट्याकडं गच्चीवर कावळे हाकलायचं काम. त्या कामाला तो काठी, टोपी आणि स्वतःचे नियम असं सगळं तयार करेल, तुम्हाला तक्ता लावावा लागणार नाही. वाकळ शिवायला काढली असेल तर थोरलीला मोठ्या नाकाची सुई आणि एक कोपरा द्या, त्या कोपऱ्यातले टाके नंतर उसवायचे नाहीत. सासूबाईंना मात्र 'मुलांना ॲक्टिव्हिटी द्या' असं सांगू नका. 'तुमच्याबरोबर राहू दे त्यांना' म्हणा. त्यांना कळतं काय करायचं ते.

तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात आणि बहुतेकांत कला म्हणजे कागद, कात्री, गोंद एवढंच असतं. याच गावात बाबूराव पेंटर होऊन गेले. मूळचे मिस्त्री घराण्यातले. चित्रं आणि शिल्पं स्वतःच शिकले, आणि देशी सिनेमा कॅमेरा बनवायच्या मागं लागले. आनंदराव पेंटर त्यात बरोबर होते, ते १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. खरी कॉर्नरला त्याचा कॅमेरा स्तंभ आहे, तुम्ही मुलांना घेऊन शंभर वेळा त्याच्यासमोरून गेला असाल. पुढच्या वेळी थांबा, आणि घरी आल्यावर चपलेचं रिकामं खोकं शोधा.

खोक्याच्या एका टोकाला रुपयाएवढं भोक पाडून त्यावर चॉकलेटचा चांदीचा कागद ताणून चिकटवा आणि त्याला मधोमध सुईनं एकच बारीक छिद्र पाडा. समोरच्या टोकाचा पुठ्ठा चौकोनी कापून तिथं बटर पेपर लावा. नसेल तर साध्या कागदाला तेल चोळा, काम होतं. झाकण चिकटपट्टीनं बंद करा, उजेड शिरायला फट राहू नये. आता भर दुपारी सावलीत बसून, डोक्यावरून जाड चादर घेऊन, छिद्र उन्हातल्या रस्त्याकडं धरा. कागदावर राजारामपुरीचा रस्ता उलटा दिसेल. रिक्षा डोक्यावर चाकं घेऊन जाताना दिसेल. छिद्र जितकं बारीक आणि गोल तितकं चित्र रेखीव, पण उजेडाला कमी. मोठं केलं की उजेड वाढतो आणि चित्र पसरतं. उलटं का, हे थोरलीला आधी सांगू नका. वरून येणारा उजेड सरळ रेषेत छिद्रातून खाली जातो, खालचा वर जातो, हे तिला दोरा धरून दाखवता येतं, पण तिनं विचारल्यावर. सूर्याकडं मात्र धरायचं नाही, हे दोघांनाही निक्षून सांगा.

'मम्मी, बोअर होतंय' हे वाक्य सुट्टीत रोज ऐकू येईल. त्यावर लगेच काही काढून देऊ नका. 'बरं' म्हणा आणि आपलं काम करत राहा. पहिली पंधरा-वीस मिनिटं कटकट होते, मग पोरं स्वतःच कशात तरी शिरतात. फ्लेक्स, जुने डबे, दोऱ्या आणि माती हाताला लागेल अशा जागी असली म्हणजे झालं. मोबाइल पूर्ण बंद करायच्या प्रतिज्ञा मात्र करू नका. त्या मोडतात आणि मोडलेल्या प्रतिज्ञेनंतर मोबाइल दुप्पट चालतो. वेळ ठरवा, आणि त्या वेळेत तुमचाही फोन ओट्यावर राहू दे.

गेम झोन बंद करायचीही गरज नाही. महिन्यातून एकदा, किती पैशांचं ते घरून निघायच्या आधी सांगून. बाकीच्या रविवारांपैकी एक रंकाळा तलावाला द्या, पण नुसतं चक्कर मारून कणीस खायला नको. मेमध्ये पाणी उतरलेलं असतं तेव्हा तलावातला दगडी संध्यामठ पाण्याबाहेर चांगला दिसतो. काठावर बसून दोघांनी तो काढायचा, ज्याला जसा येईल तसा. कागदामागं तारीख टाका आणि कपाटात ठेवून द्या. पुन्हा ऑगस्टमध्ये, दणकून पाऊस झाल्यावर, त्याच जागी जायचं आणि पुन्हा काढायचा. तेव्हा मठाचा बराच भाग पाण्यात गेलेला असेल. 'घाण झालं का' हा प्रश्न तेव्हा उरणार नाही, कारण दोन चित्रांत बघायचं काय, हे पाण्यानंच ठरवून टाकलेलं असेल.

शिबिराचं. तुमची नोकरी आहे, सासूबाईंना दुपारची झोप हवी आहे आणि दोन पोरं आहेत. थोरलीला पंधरा दिवस दोन तास शिबिराला पाठवायला हे कारण पुरेसं आहे, त्याला 'कलागुणांचा विकास' असलं नाव द्यायची गरज नाही. पैसे भरायच्या आधी गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेल्या वस्तू दाखवा म्हणा. तीसच्या तीस फुलदाण्या सारख्या दिसल्या तर दुसरं शिबिर बघा. आणि मुलीला विचारा. ती नको म्हणाली तर यंदा राहू दे. धाकट्याला कुठंच घालू नका.

राहिली माती. ती दुकानातून पाकिटात आणू नका. शाहूपुरीच्या किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत मुलांना घेऊन जा आणि मे महिन्यातच जा. पुढं बेंदराचे, म्हणजे आपल्याकडच्या बैलांच्या सणाचे, मातीचे बैल आणि त्यामागून गणपतीची घाई सुरू झाली की कुंभारांना मान वर करायला सवड नसते, पोरांच्या प्रश्नांना उत्तरं कोण देणार? दोन किलो मळलेली माती मागा, ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवलीत तर बरेच दिवस टिकते. आषाढातल्या बेंदराला यंदा विकतच्या जोडीशेजारी घरचा एक बैल पूजेला ठेवा. त्याचे पाय वेगळे करून चिकटवू नका, वाळल्यावर गळून पडतात. गोळ्यातूनच चिमटीनं ओढून काढायला सांगा. शिंगं आणि वशिंड मात्र चिकटवावं लागतं. तिथं दोन्हीकडं काडीनं ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा आणि मग दाबायचं. फार जाड गोळा केला तर तडकतो. वाळवायचा सावलीत.